हातावर उतरणारा भुंगा

भाऊजी, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची सवय जुनीच. जेवताना वाद रंगात आला की तुम्ही ताटातच हात धुऊन मोकळे व्हायचात आणि मी चुलीपाशी एकटीच बोलत राहायचे. पण या वेळी हद्द केलीत. इतकी वर्षं पुरवून पुरवून भांडलेलं भांडण तसंच टाकून गेलात, आणि माझ्या हाती नवा पुरावा आला तर तो ऐकायला तुम्ही नाही.

वाद तसा साधा. धरणाच्या पाण्यावर, हलत्या होडीत ड्रोन परत घ्यायचा, तर त्यात अवघड काम कुणाचं? उडवणाऱ्याचं की झेलणाऱ्याचं? उडवायचे तुम्ही, झेलायचे मी. तुम्ही म्हणायचात, "वहिनी, तू नुसती मूठ मिटतेस. हातापर्यंत आणून देतो तो मी." मी म्हणायचे, उडवायचं काय कौतुक, पतंग तर शेंबडी पोरंही उडवतात; फिरत्या पात्यांखाली बोटं घालायची वेळ येते ती माझ्यावर. तुमचे दादा मध्येच म्हणायचे, "दोघं गप बसा, भात निवतोय." आपण दोघं मिळून त्यांच्यावर तुटून पडायचो.

तुम्ही गेलात त्याला अजून महिना झालेला नाही. दहावं झालं आणि तुमच्या सुमनने पहिलं काम केलं ते ड्रोनची पेटी माळ्यावर टाकायचं. मला म्हणाली, "ताई, इकून टाकू त्याला. त्याचा आवाज आला का मला वाटतं हे आले." जव्हारचा एक शूटिंगवाला घ्यायला तयारही झाला. तुमच्या लेकीने, अंकिताने, गुपचूप पेटी खाली उतरवली, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या आणि भांडी घासायला बसली. हट्ट करायची ही तऱ्हा तुमचीच, दुसऱ्या कुणाची असणार!

शेवटी ठरलं ते असं. पाण्यापलीकडच्या पाड्यावरच्या एका लग्नाला तुम्ही शब्द देऊन ठेवला होता. तेवढं करायचं, तुमच्याकडून शिकलेल्या अंकिताने उडवायचं, मी झेलायचं, तुमचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मग पेटी शूटिंगवाल्याला द्यायची. सुमन म्हणाली, "हे एक लगीन. मग नाय." अंकिताने विचारलं, "आणि नीट झालं तर?" सुमन चुलीकडे वळली. मी मात्र मनाशी पक्कं केलं की नीट होणार, आणि ड्रोन या घरातून जाणार नाही. पोरीसाठी म्हणत होते मी, पण खोटं कशाला सांगू, माझाही जीव त्यात अडकलाय.

अंगणवाडीतली बाई मी. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पोरांचं वजन करायचं, खिचडी शिजवायची, मोखाड्याला मीटिंगला जाऊन यायचं, यात दिवस संपायचा. त्यात तुम्ही ठाण्याचं काम सोडून हा चार पंखांचा भुंगा घेऊन घरी आलात. मला वाटलं, गेली दिराची अक्कल. मग एके दिवशी तुम्ही चिंब भिजून आलात. लक्ष्मणमामांच्या होडीतून तुम्ही ड्रोन उडवला होता आणि परत बोलवायचं बटण दाबलं होतं. तो शहाण्यासारखा परतला, पण जिथून उडाला तिथे. होडी तोवर वाऱ्याने कितीतरी पुढे सरकलेली. रिकाम्या पाण्यावर तो खाली खाली यायला लागला आणि तुम्ही दोघं वेड्यासारखी वल्ही मारत त्याच्यामागे. हाती लागला तो केवळ नशिबाने. ओल्या कपड्यांनीच ओट्यावर बसून तुम्ही म्हणालात, "त्याला घर म्हणजे जिथनं उडाला ती जागा. होडी चालती हे त्याला कसं कळावं? वहिनी, माझे दोन्ही हात रिमोटवर. मला आणखी एक हात पाहिजे. घाबरणारा नको."

घाबरत नव्हते असं नाही. पण दिरासमोर कबूल कोण करणार?

मग तुम्ही मला अंगणात खाटेवर गुडघे टेकून बसवलंत, कारण खाट होडीसारखी हलते. आंब्याच्या फांदीला दोरीने दुधी भोपळा बांधलात आणि झोके देऊन तो माझ्या डोक्यावर आणायला लागलात. "हात खालनं ने. वरनं नाय. पोटाला धर, पायाला नाय. धरलास की वाकडा करू नको, तो तुझ्याशी झटापट करील, करू दे. तुझा हात पाण्यातल्या दगडासारखा गच्च." शेजारच्या साऱ्या बाया कुंपणाशी जमल्या होत्या. एकीने विचारलं, भाजी करायची तर इतका छळ कशाला त्या दुध्याचा? खाटेचं सुंभ तुटलं त्या दिवशी, आणि तुमच्या दादांनी ते पुन्हा विणेपर्यंत आपल्याशी अबोला धरला.

तुमचे नियम मला झोपेतही म्हणता येतील. होडीत उभं राहायचं नाही. पदर कमरेला खोचायचा, वेणी बांधायची, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत, बांगड्या कोपराकडे सरकवून वर जाड हातमोजा. डोळ्यांवर चष्मा, अंगात तरंगायचं जॅकेट. इंजिन बंद. वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे झुळूक आली तर ड्रोन आपल्यापासून लांब जाईल, अंगावर येणार नाही. कॅमेऱ्याचं तोंड पलीकडे. होडीतल्या बाकीच्यांनी बसून घ्यायचं, एकानेही हात वर करायचा नाही. जरा काही वेगळं वाटलं की मी ओरडायचं, "सोड!" आणि तुम्ही त्याला सरळ वर न्यायचं, का-कू न करता. "ड्रोन दुसरा मिळतो, वहिनी. बोटं मिळत नाहीत." कामाच्या बाबतीत तुम्ही किती कडक होतात, हे घरच्यांना कधी कळलं नाही. घरी तुम्ही साधी चप्पलही जागेवर ठेवायचा नाहीत.

सुरुवातीला तो भुंगा माझ्या हाताला लाजायचा. तळवा जवळ नेला की वर सरकायचा, पुन्हा नेला की पुन्हा वर. आपली खूप झटापट व्हायची. मग आला तो दसरा. घरातले कोयते, विळे, कुदळ ओळीने मांडले होते, त्यात मी ड्रोनही ठेवला. हत्यारांची पूजा करायची आणि ज्याच्यावर घर चालतं त्याला वगळायचं, हे मला पटेना. वरच्या अंगाला कुंकू लावावं तर पाती मध्ये येतात. म्हणून उलटा केला आणि पोटावर हळदीकुंकवाचं चांगलं दाट बोट ओढलं. दोन बारीक काचा होत्या तिथे, त्या मला डोळ्यांसारख्या दिसल्या, त्यांना जरा जास्तच लावलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर काय झालं ते आठवतं ना? अंमळ डगमगत आला, पण हाताला लाजला नाही. गायीने हातातला घास घ्यावा तसा तळव्यावर बसला. तुम्ही चकित. घरी येऊन उलटा करून बघितलात आणि कपाळावर हात मारलात. "अगं, त्याचे खालचे डोळे बुजवलेस तू! त्या डोळ्यांनी तो जमीन बघतो!" मी म्हटलं, बुजवले नाहीत, पूजले. तुम्ही अर्धा दिवस कापसाने काचा पुसत बसलात आणि मला नाही नाही ते बोललात. पण त्यानंतर तो कायमचाच शहाणा झाला. काचा स्वच्छ, कुंकवाचा ठिपका नाही, तरी हातावर येऊन मुकाट बसायचा. मी गावभर सांगत फिरले की पूजेचा गुण आला. तुम्ही नुसते हसायचात. "असेल, वहिनी, असेल." एवढंच. त्या हसण्यात काहीतरी होतं, असं मला तेव्हा वाटलं नाही.

मग आपली जोडी जमली. जामसरची शेतं, शिरपामाळाची टेकडी, पलीकडच्या पाड्यांवरच्या वराती. पुढच्या होडीत बेंजोवाले, मधल्यांत वऱ्हाड, मागे आपण. पोरं काठावरून ओरडायची, "भुंगेवाली बाई आली!" वजनकाट्यावर पोरं बसवणारी मी, आणि हातमोजा घातला की कुणीतरी वेगळीच व्हायचे. पाण्याच्या मधोमध, गुडघे टेकून, हात वर करून बसलेली असताना माझ्या डोक्यात घर नसायचं, चूल नसायची, काही नसायचं. तो एवढासा जीव खाली येतोय आणि मी त्याची वाट बघतेय, एवढंच. भाऊजी, इतकं सुख मला कुठल्या कामात मिळालं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दिराला असं तोंडावर सांगायची आपल्यात रीत कुठे आहे? आपण भांडायचो, त्यातच ते यायचं असं मी समजत होते.

दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही डोळे मिटून पडलेले असायचात आणि चादरीवर तुमचे दोन्ही अंगठे बारीक बारीक हलायचे. सिस्टरला वाटलं, वात आहे. मी ओळखलं. मी कानाशी वाकून विचारलं, "काय उडवताय?" तुम्ही डोळे न उघडताच म्हणालात, "हात वर घे." मी खाटेशेजारी स्टुलावर बसल्या बसल्या हात वर धरला. बाजूच्या खाटेवरचे आजोबा बघत राहिले. जरा वेळाने तुमचे अंगठे थांबले आणि तुम्ही शांत झोपलात. त्या झोपेतून तुम्ही उठलात, दूधभात खाल्लात, सुमनला चिडवलंत. नंतरचं मला लिहायचं नाही. हे एवढंच मी माझ्याजवळ ठेवणार आहे.

आता लग्नाचं सांगते. सकाळी काठावर गेलो. आंब्याचे टाळ बांधलेल्या होड्या लागल्या होत्या. आपण असं दुःखातलं घर, लग्नाच्या पाण्यात कसं जायचं म्हणून सुमन काठावरच थांबणार होती. पण लेक लक्ष्मणमामांच्या होडीत चढली तशी हीही मागून चढली. "मी तिकडं उतरणार नाय. होडीतच बसन." मामा म्हणाले, "बस पोरी. तुझ्या माणसाची जागा हाय ती." ती माझ्या मागे पाय आखडून बसली. तुम्ही ड्रोन उडवताना तिने आजवर एकदाही वर पाहिलं नव्हतं हे मला ठाऊक आहे. पडेल म्हणून भीती वाटायची तिला.

अंकिताने उडवला. पाण्यावर होड्यांची रांग, नवरदेवाच्या डोक्यावरची छत्री, बेंजोचा गलका. सगळं नीट घेतलं पोरीने, तुमच्यासारखं उगाच गोल गोल न फिरवता. राग मानू नका, तिची नजर तुमच्याहून शांत आहे. वऱ्हाड पलीकडे लागलं. आता आपला भुंगा परत घ्यायचा.

उन्हं चढली तसा वारा उठला होता. मामांनी इंजिन बंद केलं. मी गुडघे टेकले, हात वर केला. तो आला आणि तळव्याच्या वीतभर वर थांबला. मी हात उचलला, तो वर सरकला. आणखी उचलला, तो आणखी वर. मला काही कळेना. इतकी वर्षं माझ्या हाताची ओळख असलेला, पूजेने शहाणा झालेला माझा भुंगा! अंकिता मागून ओरडली, "काकी, तो तुझ्या हाताला जमीन समजतो! बाबा उतरवायच्या आधी काहीतरी बंद करायचे. मला उन्हात स्क्रीन दिसत नाही!"

भाऊजी, त्या भर पाण्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. काहीतरी बंद करायचे! त्या दसऱ्यानंतर प्रत्येक वेळी, माझ्या हातावर आणायच्या आधी, तुम्ही रिमोटवरून त्याचे खालचे डोळे गुपचूप मिटत होतात. माझ्या कुंकवावरून तुम्ही ती युक्ती शिकलात, आणि मला सांगितलीत नाही. मी गावभर पूजेची फुशारकी मारत हिंडले आणि तुम्ही "असेल, वहिनी" म्हणत हसत राहिलात. लबाड कुठले! इतका राग आला मला, आणि इतकं भरून आलं, दोन्ही एकदम. म्हणजे मी कधी झेललंच नव्हतं. तुम्ही माझ्या हातात आणून ठेवत होतात, आणि श्रेय माझ्याकडे राहू देत होतात.

त्या भरात मी नको ते केलं. त्याला गाठायला गुडघ्यावरून उठले. होडी एकदम कलली, पाणी काठाशी आलं, मामा ओरडले. आणि मागून कुणीतरी माझ्या जॅकेटचे पट्टे दोन्ही हातांनी धरून मला खाली खेचलं. सुमन. माझ्या तोंडून तेवढ्यात निघालं, "सोड!" आणि पोरीने का-कू न करता त्याला सरळ वर नेलं.

रिमोट टीट टीट करायला लागला. बॅटरी उतरत होती. काठ लांब. आता दोनच गोष्टी होत्या: हातात नाहीतर पाण्यात. पाण्यात गेला असता तर विकायचा की ठेवायचा हा प्रश्नच मिटला असता. सुमनने पट्टे सोडले नव्हते. ती म्हणाली, "ताई, मी धरलंय. तू त्याचं बघ."

मी हात वर केलाच नाही. मांडीवर ठेवला; खाली हात दिसलाच नाही तर तो वर सरकणार कशाला? अंकिताला म्हटलं, त्याला होडीच्या बाहेर, माझ्या डोळ्यांच्या उंचीला आण आणि स्थिर धर. मला बघू नको, त्याला बघ. तो आला. पात्यांचा वारा गालाला लागत होता. पोरीचा हात अजून तुमच्यासारखा मऊ नाही, तो पुढे-मागे डुलत होता. मी त्याचं डुलणं बघत राहिले, आणि तो माझ्याकडे डुलला तसा खालून एकदम हात घातला आणि पोट गच्च धरलं. त्याने ओढ घेतली. मनगटाला हिसका बसला. मी हलले नाही. "खाली ओढून धर!" मी ओरडले. अंकिताने रिमोटची काडी खाली ओढून धरली आणि पाती थांबली.

मामांनी टाळी वाजवली. मी भुंगा मांडीवर घेतला आणि मला हसू फुटलं, थांबेचना. पोरगी रडत होती आणि हसत होती. तर भाऊजी, पुरावा असा आहे: इतकी वर्षं तुमचं म्हणणं खरं होतं. मी नुसती मूठ मिटत होते. पण आज मी झेलला, माझ्या एकटीच्या हाताने, त्याचे डोळे टक्क उघडे असताना. वाद बरोबरीत सुटला. आणि ज्या लबाडीने तुम्ही मला इतकी वर्षं जिंकू दिलंत, तिच्याबद्दल तुमचे उपकार मी कुठे फेडू ते सांगा.

वऱ्हाडाने होडीतच जेवण पाठवलं, भात, वरण, वर बुंदी. आम्ही जेवत होतो तेव्हा सुमनचा फोन वाजला. जव्हारचा शूटिंगवाला. लग्न झालं असेल तर संध्याकाळी पेटी न्यायला येतो म्हणाला. आम्ही तिघीही खायच्या थांबलो. अंकिता ताटाकडे बघत होती, मी पाण्याकडे.

सुमनने हातातला घास आधी खाल्ला. तिच्या तळव्यांवर माझ्या जॅकेटच्या पट्ट्यांचे लाल वळ अजून तसेच होते. मग ती फोनमध्ये म्हणाली, "नाय ओ, इकायचा नाय. एक उडवणारी हाय, एक झेलणारी हाय, आन मागनं धरायला मी हाय. तुमी दुसरा बघा."